धरणामागे बघितलेला पक्षी

३ मार्च, कामावर, जेवणाच्या सुट्टीत

दादा,

आईची नवी कवळी झाली. मीच केली, वरची आणि खालची दोन्ही, आणि तुला म्हणून सांगते, आजवर लॅबमध्ये केलेल्यांत हीच सगळ्यात चांगली बसली आहे. तरी बाईसाहेब ती घालत नाहीत. जेवायला बसली की काढून वाटीत ठेवते आणि हिरड्यांनीच चावते. फक्त तुझा फोन आला की धावपळ करून कवळी बसवते, आणि मगच फोन उचलते. तेव्हा तिकडे घंटी वाजत राहिली तर समजायचं, आई दात शोधते आहे. लगेच ठेवून देऊ नकोस. मागच्या रविवारी दिलास ठेवून, आणि ती दिवसभर माझ्यावर करवादत होती.

एवढंच कळवायचं होतं.

नाही, एवढंच नव्हतं. एवढ्यासाठी कोण पत्र लिहितं? पण मी फोन घेतला की तुझं "बरं, ठेवतो" तयारच असतं, आणि मेसेज तर तू उघडतही नाहीस. कागद निदान हातात धरावा लागेल. फाडायला का होईना.

काल घळीत गेले होते. हट्टीला कळ्या आल्या आहेत. कोण हट्टी असं विचारू नकोस, माझ्या ऑर्किडचं हे नाव तूच ठेवलं होतंस. दरवर्षी कळ्या धरते आणि मी खूश होऊन घरी पोचेपर्यंत गाळून टाकते, म्हणून. वर म्हणाला होतास, "मालकिणीवर गेली आहे." या खेपेला कळ्या चांगल्या टपोऱ्या आहेत. माझा जीव नुसता टांगणीला लागला आहे. काल तिन्हीसांजेला घरी आले आणि आज पहाटे वाटलं परत जावं. कामावर तीन साच्यांत मेण ओतायचं राहिलं आहे आणि मी इथे डबा बाजूला सारून तुला लिहिते आहे. मालक दोनदा डोकावून गेला.

या बाजूला ही जात आता एवढीच उरली आहे, तुला माहीत आहे. नाल्यावरची सगळी गेली. तुझ्या पक्षीमंडळाची सहल तिथे नेली, कुणी तरी हौशीने फोटो टाकला, खाली जागेचं नाव लिहिलं, आणि पंधरवड्यात कोयत्याने साली खरवडून ऑर्किडं पोत्यांतून गेली. झाडं नुसती उघडीवाघडी उभी होती. मी तिथेच फतकल मारून बसले होते. तू हाताला धरून घरी आणलंस. तेव्हा मला तुझा फार आधार वाटला होता. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

साचे थंड होतात. उरलेलं नंतर.

भिंगरी

(हे नाव तूच ठेवलंस, म्हणून वापरते. दुसरं कुणी म्हणत नाही आता.)


५ मार्च, बसमध्ये

दादा, अक्षर हलतंय, सांभाळून घे.

तू रागावला आहेस ते मला मान्य आहे. पण कशावर, ते जरा नीट लावून बघू. त्या दिवशी घळीत आपण दोघं होतो. माझं नाक खोडाला चिकटलेलं, तुझं तोंड आभाळाकडे. तू माझी बाही ओढलीस, "बघ! बघ! अगं मागे बघ!" मी म्हटलं, "थांब जरा." मी वळले तेव्हा तिथे ओला खडक होता आणि तू अजून त्याच्याकडे बोट धरून होतास. तू म्हणालास, विटकरी मानेचा तो पक्षी होता, जो इतक्या खाली कधी येत नाही म्हणतात. मी तुझ्यावर शंभर टक्के विश्वास ठेवला. आजही आहे.

पण तुझ्या मंडळाचा नियम: असा पक्षी एकट्याने बघून चालत नाही, दुसरे दोन डोळे हवेत. मग अध्यक्षांचा मला फोन. त्याआधी तू स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणालास, "एकच शब्द आहे. हो म्हण." आणि त्यांनी विचारलं, "ताई, तुम्ही बघितला?" मी म्हटलं, "नाही."

मी बघितला नव्हता, दादा! न बघितलेलं बघितलं कसं म्हणू? मी दातांचं काम करते. केसाएवढा फरक पडला तर माणसाची हिरडी सोलून निघते. मला अंदाजे बोलता येत नाही.

त्यांनी तुझी नोंद काढून टाकली. कुणी तरी "थापाड्या" म्हणालं आणि बाकीचे हसले. ज्यांना दुर्बीण कुठून धरायची ते तू शिकवलंस, तेच हसले. तू मंडळ सोडलंस, मग मला सोडलंस, मग गावच सोडलंस. लिफ्टच दुरुस्त करायच्या, तर त्या काय इथे बिघडत नाहीत? आईला म्हणालास बदली झाली. आई भोळी आहे, पण बदली मागून घेता येते एवढं तिला कळतं.

मीही रागावले होते. मनात म्हटलं, माझ्याकडून खोटं वदवून घ्यायला निघाला होता, आणि वर तोंड मलाच फिरवतो! जाऊ दे म्हटलं. दोन वर्षं जाऊ दे, जाऊ दे म्हणते आहे, आणि ते काही जात नाही.

माझा थांबा आला.


९ मार्च, घळीत, दगडावर बसून

दादा! दादा! दादा!

नीट सांगते. क्रमाने सांगते.

कळ्यांचा तुरा यंदा खोडाच्या खाचेत आतल्या अंगाला वळला आहे. डोकं आत जात नाही, आणि फांदीला धक्का लागला तर ही बया कळ्या गाळणार. म्हणून मी लॅबमधून तो लांब दांड्याचा आरसा आणला, तोंडात घालून मागच्या दाढा बघायचा असतो ना, तो. बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा. तो खाचेत सरकवला आणि एकेक कळी बघत होते. श्वास रोखून. आरसा जरासा कलला आणि कळी गेली, त्यात माझा कान आला, मग माझ्या मागचा ओला खडक आला.

आणि खडकावर तो होता.

मी वळले नाही. देवाशप्पथ, मान सुद्धा हलवली नाही. कबुतराहून लहान, मातकट, आणि मान वळवली तेव्हा मागे विटेच्या चुऱ्यासारखा डाग. अगदी तू हाताने आपल्या मानेवर दाखवायचास तिथेच. पाणी प्यायला. चोच वर करून गिळलं. पुन्हा प्यायला. मग शेपूट दोनदा खाली झटकली, आणि मला तुझं ते एक बोट खाली-खाली करून दाखवणं आठवलं, आणि रडूच फुटलं. रडताना आरसा हलला. खडक पुन्हा आरशात सापडेपर्यंत तो गेला होता.

माणूस पाठमोरा असेल तरच येतो तो! तेव्हाही मी पाठमोरी होते म्हणूनच आला असणार. तू शेजारी होतास, तोंड आभाळाकडे, पण मधेच वाकून माझ्या पिशवीतून पाण्याची बाटली काढलीस, आणि मान वर केलीस तर तो समोर. आठवतंय?

तू खरं बोलत होतास. मला ते माहीत होतंच, पण आता मी बघितलं आहे. आता मला कुणीही विचारू दे.

पत्र पेटीत टाकायला धावत जाते.


१३ मार्च, घरी

तुझं काही उत्तर नाही. पेटीत रोज दोनदा बघते. आई म्हणते, "अगं, पेटीला हात लावून लावून रंग जाईल."

मला काही सुचेना, म्हणून काल अध्यक्षांच्या औषधाच्या दुकानात गेले. ते गोळ्यांच्या पट्ट्या कापत होते. मी म्हटलं, "माझ्या भावाचा पक्षी मी बघितला." त्यांनी कात्री खाली ठेवली. म्हणाले, "कुठून बघितला? दुर्बीण होती?"

मी म्हटलं, "आरशात."

"कसल्या आरशात?"

दाखवला. आधी त्यांना वाटलं मी चेष्टा करते. मग इतके हसले, इतके हसले की खोकल्याचं औषध घ्यायला आलेलं गिऱ्हाईक त्यांच्याकडेच काळजीने बघायला लागलं. शेवटी डोळे पुसून म्हणाले, "ताई, माणूस म्हणून माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण मंडळ म्हणून मला जागा हवी. जागा सांगा, रविवारी सगळे येतो. दिसला तर तुमच्या भावाची माफी मी स्वतः मागेन."

सगळे. म्हणजे बुटांचे पन्नास-साठ पाय, आणि फोटो, आणि खाली जागेचं नाव. मी म्हटलं, "जागा नाही सांगता येणार."

तर म्हणतात कसे, "तुमचा भाऊ तरी बरा. त्याने सांगितली तरी होती. धरणामागे म्हणाला. आम्ही लागोपाठ कितीतरी रविवार धरणामागे जाऊन बसलो. कावळे, साळुंक्या, आणि एक गाढव. तिथेच तर सगळ्यांचा विश्वास उडाला. तुम्हाला फोन केला तो अगदी शेवटचा उपाय म्हणून."

दादा, मी आरसा उचलून पिशवीत टाकला आणि बाहेर आले.

धरणामागे? आपण धरणामागे कधी गेलो होतो?


त्याच दिवशी, पुन्हा

मूर्ख आहेस का तू?

का नाही सांगितलंस मला? स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलास तेव्हा एवढं म्हणायला काय धाड भरली होती, की "अगं, तुझ्या ऑर्किडसाठी मी खोटी जागा दिली, माझं सगळं त्यात फसलं, आता तू एक शब्द म्हण"? मी म्हटला असता! दहा शब्द म्हटले असते! तू नुसतं "हो म्हण" म्हणालास, जसं काही मी तुझ्या हाताखाली कामाला आहे. आणि मी मोठी तत्त्वाची बाई, खरं बोलून बसले.

खरी जागा सांगितली असतीस तर त्या कितीतरी रविवारांत एकदा तरी दिसला असता त्यांना. नोंद झाली असती. नाव झालं असतं. आणि हट्टी पोत्यात गेली असती. तू सगळं तराजूत घातलंस आणि मला वजन सुद्धा सांगितलं नाहीस.

दोन वर्षं मी समजत होते, तू माझ्यावर रागावून गेलास. तू रागावलाही असशील, पण ते वेगळंच काही होतं. मला आता खूप राग आला आहे आणि तो कुणावर काढू कळत नाही. एक कवळी उलटी बसवली आज. मालकाने नुसतं बघितलं.


१७ मार्च, पहाटे

उमललं.

काल सकाळी पहिलं, आज दोन असतील. करंगळीच्या नखाएवढं, हिरवट पांढरं, ओठावर केसासारख्या तपकिरी रेघा. कच्च्या काकडीचा वास येतो, उन्हं वर आली की जातो. आरशातच बघावं लागलं. मी किती वर्षं वाट बघितली आणि शेवटी फूल भिंतीकडे तोंड करून उमललं! तू असतास तर म्हणाला असतास, "मालकिणीवर गेली आहे."

बघून झालं आहे माझं. आता ऐक. रविवारी मंडळाची सभा आहे. मी जाणार आहे आणि खरी जागा सांगणार आहे. ठरलं. झाड झाड आहे, भाऊ भाऊ आहे. ते लोक घळीत येतील, पाठमोरे बसतील, मी त्यांना आरसे देईन लॅबमधून हवे तेवढे, आणि त्यांना तो दिसेल. तुझं नाव धुऊन निघेल. हट्टीचं जे व्हायचं ते होवो.

नाही, व्हायला नको.

पण होईल. मला माहीत आहे होईल, नाल्यावर झालं तसंच. काल तिथे बसून तिला उचलून घरी आणायचाही विचार केला. मुळं सालीत अशी गेली आहेत की सोलल्याशिवाय निघणार नाही, आणि सोलली की मेली. मग विचार केला, सभेला जाऊच नये. मग तुझा चेहरा आला डोळ्यांसमोर, स्वयंपाकघराच्या दारातला. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. आई शेवटी म्हणाली, "झोपायचं नसेल तर निदान भांडी घास."

जाणार आहे, दादा. तुझ्यापेक्षा ती मोठी नाही. हे वाक्य लिहिलं आणि हात थांबला, पण खोडत नाही. तुला काही म्हणायचं असेल तर रविवारच्या आत कळव. आईला फोन कर. घंटी वाजू दे बराच वेळ.

भिंगरी


२३ मार्च, सभेहून आल्यावर

दादा,

तुझा फोन आला तेव्हा मी चपला घालत होते. आईला दात सापडेनात. घंटी वाजते आहे, ती पलंगाखाली वाकली आहे, मी वाटीत बघते, खिडकीत बघते. शेवटी ती बोळक्या तोंडानेच बोलली. पहिल्यांदाच बोलली तशी तुझ्याशी. मी दारात उभी राहून ऐकत होते. "हो... हो... अरे पण तूच सांग ना तिला... बरं."

फोन ठेवून म्हणाली, "तो म्हणतो, तिला सांग, मी धरणामागेच बघितला होता. अजूनही तेच म्हणेन. कोणी विचारलं तरी."

मग मला विचारते, "कसलं धरण गं?"

मी पायरीवर बसून चपलेचा पट्टा लावत राहिले, तो लागलेलाच होता.

म्हणजे तिकडे, इतक्या लांब, कुणाच्या तरी लिफ्टच्या विहिरीत लोंबकळत, तुझं अजून तेच चालू आहे. ते थापाड्या म्हणोत, हसोत, पण हट्टीला हात लागता कामा नये. आणि मी निघाले होते ते सगळं उधळून तुझं नाव धुवायला. तुला न विचारता. म्हणजे तू केलंस तेच मी करणार होते, फक्त उलट्या बाजूने. आपण दोघं एकाच आईची, दुसरं काय!

सभेला गेले. शाळेचा तोच हॉल, त्याच लोखंडी खुर्च्या. अध्यक्षांनी मला उभं केलं. "या ताईंनी तो पक्षी बघितला म्हणतात." मागे कुणी तरी आरशावरून बोललं. गोष्ट पसरली होती. हसू आलं, गेलं.

अध्यक्ष म्हणाले, "ताई, जागा?"

मी म्हटलं, "धरणामागे."

दादा, मी आयुष्यात कधी इतक्या सरळ आवाजात बोलले नसेन. दात बसवून झाले की गिऱ्हाइकाला आम्ही म्हणतो, "चावून बघा," तसं.

अध्यक्षांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. माझ्या कोपराला शेवाळ लागलेलं होतं, सकाळी घळीतून आले ती तशीच सभेला निघाले होते. ते म्हणाले, "धरणामागे शेवाळ धरेल असं झाडच नाही, ताई."

"एक आहे," मी म्हटलं.

नाल्यावरच्या सहलीला तेही होते, आणि नंतर तिथे काय झालं ते त्यांनीही बघितलं होतं. फोटो कुणी टाकला होता ते मला ठाऊक नाही, आणि मी कधी विचारलंही नाही. त्यांनी खाली बघितलं. पेनाचं टोपण काढलं. म्हणाले, "दोन माणसांनी बघितला पाहिजे, हा आपला नियम. एकाच दिवशी बघितला पाहिजे असं नियमात नाही. जागा एकच. वर्णन एकच. शेपूट झटकण्यासकट. कुणाची हरकत?" मग मला हळूच विचारलं, "आरशाचं लिहू का?"

"लिहा," मी म्हटलं. "ते खरं आहे."

नोंद झाली. आधी तुझं नाव, मग माझं. वाचून दाखवली त्यांनी, सगळ्यांसमोर. तेव्हा हसलेल्यांतला एक बाहेर मला गाठून म्हणाला, "दादांना सांगा हो, आमचं चुकलंच." मी म्हटलं, "तुम्हीच सांगा. तो फोन उचलतो, फक्त मी असले की लगेच ठेवतो." आता पुढच्या रविवारपासून सगळे पुन्हा धरणामागे. आरसे घेऊन! दोघांनी मला विचारलंसुद्धा, तसला आरसा कुठे मिळतो. पाठमोरे बसतील बिचारे, त्या गाढवाकडे पाठ करून. मला येताना बसमध्ये एकटीला इतकं हसू आलं की शेजारची बाई उठून पुढे गेली.

आणि आता घरी आल्यापासून हसू नाही. नुसती येरझाऱ्या घालते आहे. दोन वर्षांपूर्वी हाच एक शब्द होता, आणि मी खरं बोलले होते. आज खोटं बोलले आणि पहिल्यांदा वाटतंय की तुझ्या बाजूला उभी आहे. याचं काय करायचं ते मला कळत नाही. तूच सांग, तू मोठा आहेस.

फुलं अजून आहेत. फार दिवस टिकायची नाहीत. तुझी दुर्बीण खुंटीवर आहे. आतल्या काचेला बुरशीचा एक ठिपका आला होता, तो मी लॅबमध्ये नेऊन उघडून साफ केला. आधी विचारलं नाही, रागावलास तर रागाव.

ये, दादा. दोन दिवस ये. मी खोडाला नाक लावून बसते, तू माझ्यामागे बस, आणि बाही ओढलीस की या वेळी मी "थांब जरा" म्हणणार नाही.

आईचे दात सापडले. घातलेत. तुझा पुन्हा फोन येईल म्हणते, म्हणून जेवायला बसली तरी काढायला तयार नाही.

भिंगरी